बुद्धिबळ खेळणारा तुर्क : १९२७ चा मूकपट बघावा की १९३८ चा बोलपट?

गोष्ट एकच, कादंबरी एकच, भाषाही एकच. आंरी द्युपुई-माझ्युएल यांची बुद्धिबळपटूवरची फ्रेंच कादंबरी १९२६ साली आली. पुढच्याच वर्षी रेमों बेर्नार यांनी तिचा मूकपट केला. अकरा वर्षांनी, १९३८ मध्ये, जाँ द्रेव्हिल यांनी त्याच नावाने बोलपट केला. इंग्रजीत दोन्हींना 'द चेस प्लेयर' म्हणतात. दोन्हींच्या केंद्रस्थानी तीच वस्तू आहे: एक लाकडी पेटी, तिच्यावर बुद्धिबळाचा पट, आणि मागे बसलेला पगडीवाला तुर्की बाहुला, जो समोरच्या जिवंत माणसाशी डाव खेळतो.

रविवारी सकाळी माझ्याकडे पंधरा-वीस मुलं बुद्धिबळ शिकायला येतात. तुर्काची गोष्ट मी त्यांना दर वर्षी सांगते, आणि दर वर्षी कुणा ना कुणा पालकांचा फोन येतोच. "मॅडम, तो यंत्राचा सिनेमा घरी लावायचाय. मुलाला मूकपट बघवेल का? की बोलणारा लावू?" चित्रपट मंडळ चालवणाऱ्या एका मैत्रिणीनेही हेच विचारलं. तिच्याकडे हॉल एकाच संध्याकाळी मिळणार होता आणि दोन्ही दाखवणं शक्य नव्हतं. फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलेलं बरं.

माझं उत्तर आधीच सांगते. एकच बघणार असाल तर मूकपट बघा. फक्त त्याच्या मूळ संगीतासह बघा, नाहीतर नका बघू. बोलपट वाईट नाही. त्यात दोन नट असे आहेत की त्यांच्यासाठी वेळ काढावा. पण ही गोष्ट मुळात मौनाची आहे, आणि ते का, हे सांगायला खऱ्या तुर्कापासून सुरुवात करावी लागेल.

खरा तुर्क

वोल्फगांग फॉन केम्पेलेन हा माणूस खरा. जन्म प्रेसबुर्गचा, म्हणजे आजच्या स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाचा. हाब्सबुर्ग दरबारात मोठा अधिकारी. १७६९ मध्ये राणी मारिया थेरेसाच्या दरबारात एका फ्रेंच माणसाचे जादूचे प्रयोग झाले. ते बघून केम्पेलेनने शब्द दिला की सहा महिन्यांत याहून सरस काहीतरी आणून दाखवतो. १७७० मध्ये त्याने व्हिएन्नाच्या दरबारात तुर्क हजर केला.

पेटी साधारण साडेतीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट उंच. डाव सुरू होण्याआधी केम्पेलेन तिची दारं एकामागून एक उघडायचा आणि मागून मेणबत्ती धरायचा. लोकांना आत दातेरी चक्रं दिसायची, आरपार उजेड दिसायचा. आत माणूस नाही अशी सगळ्यांची खात्री पटायची. माणूस आतच असायचा. तो सरकत्या बैठकीवर बसलेला असे. या बाजूचं दार उघडलं की तो त्या बाजूला सरके, आणि त्या बाजूचं उघडायच्या आत पुन्हा इकडे येई.

डाव कसा चाले, हे मला सगळ्यात सुंदर वाटतं. प्रत्येक मोहऱ्याच्या बुडाशी लोहचुंबक. पटाच्या खालच्या अंगाला प्रत्येक घराखाली एक लोखंडी चकती टांगलेली. वर कुणी घोडा उचलला की त्या घराखालची चकती सुटून खाली लोंबायची, आणि घोडा जिथे ठेवला तिथली वर ओढली जायची. आत अंधारात, मेणबत्तीच्या उजेडात बसलेला खेळाडू डोक्यावरच्या त्या चौसष्ट चकत्या बघून चाल ओळखायचा. मग आपल्या छोट्या पटावर तीच चाल मांडायचा आणि दांड्यांच्या जोडणीने तुर्काचा डावा हात हलवून उत्तर द्यायचा. मेणबत्तीचा धूर तुर्काच्या अंगातून वर निघून जाई. त्याचा वास कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून पेटीजवळ उघड्यावरही मेणबत्त्या लावलेल्या असत. हे ऐकल्यावर वर्गातल्या एका मुलीने विचारलं होतं, "आतल्या माणसाला खोकला आला तर?" तिने नेमका प्रश्न विचारला. खोकला, शिंक, कुजबुज, एक शब्द, कशानेही सगळं उघडं पडलं असतं. आतल्या माणसाचं पहिलं काम गप्प राहणं, खेळणं त्यानंतर.

केम्पेलेनच्या हाती असेपर्यंत तुर्क मुका होता. वजिरावर हल्ला झाला की तो दोनदा मान हलवायचा, राजाला शह दिला की तीनदा. १८०४ मध्ये केम्पेलेन वारला आणि तुर्क योहान मेल्त्सेलकडे गेला. हा मेल्त्सेल म्हणजे संगीताच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेला मेट्रोनोमवाला. त्याने तुर्काच्या अंगात आवाजाची पेटी बसवली आणि शह दिल्यावर तुर्क फ्रेंचमध्ये 'एशेक' म्हणू लागला. आधी मौन, मग एक शब्द. हे दोन चित्रपट लागोपाठ बघताना मला हेच आठवत राहिलं.

चित्रपटातली गोष्ट

शेवट सांगत नाही. बघताना तो हाती लागावा अशीच माझी इच्छा आहे.

साल १७७६, गाव विल्नो, म्हणजे आजचं लिथुआनियातलं विल्नियस. रशियाची पकड घट्ट होत चाललेली आहे आणि पोलिश माणसांच्या मनात धग आहे. बोलेस्लास व्होरोव्स्की हा पोलिश तरुण सरदार लढवय्या आहे आणि बुद्धिबळात त्याला जोड नाही. केम्पेलेनच्या घरात वाढलेली सोफी ही लोकांच्या दृष्टीने पोलंडच्या स्वातंत्र्याची मूर्तीच. प्रिन्स सर्ज ओब्लोमोफ हा रशियन अधिकारी बोलेस्लासचा मित्र, आणि त्याचाही जीव सोफीवर. उठाव होतो, तो चिरडला जातो. बोलेस्लासच्या पायांना जबर जखमा होतात आणि त्याच्या डोक्यावर इनाम लागतं. बाहुले बनवण्यात हयात घालवलेला केम्पेलेन तेव्हा बुद्धिबळ खेळणारा तुर्क तयार करतो. त्याच्या पोटात लपवून बोलेस्लासला देशाबाहेर काढायचं, असा बेत. पण तुर्काची कीर्ती वाढत जाते, तो वॉर्साच्या दरबारात पोचतो, आणि तिथून निघायच्या ऐवजी थेट सेंट पीटर्सबर्गला, साम्राज्ञी कॅथरीनसमोर जाऊन पडतो.

ज्याच्यापासून पळायचं त्याच्याच घरात, त्याच्याच समोर, श्वास रोखून डाव खेळायचा. याहून मोठा ताण कुठल्या कथेत आणायचा?

मूकपटाची बाजू

तो सव्वादोन तासांचा आहे. पहिला अर्धा तास धीर धरा. पात्रं बरीच, नावं अनोळखी, आणि कोण पोलिश, कोण रशियन हे लक्षात यायला वेळ लागतो. त्यानंतर मात्र चित्रपट जो पकडतो, तो सोडत नाही.

एक प्रसंग सांगते. उठावाची लढाई चालू आहे. सोफी घरात वाद्यासमोर बसून पोलंडच्या स्वातंत्र्याचं गीत वाजवते आहे. तिच्या डोळ्यांसमोर पोलिश घोडदळ दौडत निघालेलं आहे, निशाणं फडकताहेत, शत्रू मागे हटतो आहे. पडद्यावर आपल्यालाही तेच दिसतं, शेकडो घोडे, पूर्ण वेगात. आणि त्याच्याच मध्ये खरी लढाई दिसते, जिथे माणसं पडताहेत आणि डाव हातचा जातो आहे. तिची बोटं चालूच आहेत. विजय तिच्या मनात, पराभव मैदानात, आणि दोन्हींना एकच सूर जोडतो. या प्रसंगात कुणी एक वाक्य बोललं असतं तर तो तिथेच मोडला असता. रेमों बेर्नार यांना युद्धाचं चित्रण करता येत होतं, हे पाच वर्षांनी पहिल्या महायुद्धावरच्या त्यांच्या बोलपटानेही सिद्ध केलं, पण माझ्यासाठी त्यांचं सगळ्यात मोठं काम हा प्रसंग आहे.

हा सूर आंरी राबो यांचा. राबो त्या वेळी पॅरिसच्या सरकारी संगीत विद्यालयाचे, कॉन्सर्व्हातुआरचे, प्रमुख होते आणि त्यांनी याच चित्रपटासाठी संपूर्ण वाद्यवृंदाची रचना केली. १९९० मध्ये केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी चित्रपटाची दुरुस्त प्रत तयार केली. तेव्हा राबो यांचं मूळ संगीत कार्ल डेव्हिस यांच्या संचालनाखाली पुन्हा वाजवून त्याला जोडलं गेलं. हीच प्रत शोधा. मी पहिल्यांदा बघितली ती कुठलीतरी धुरकट नक्कल होती. तिच्यावर कुणीतरी पियानोची असंबद्ध तबकडी लावून दिली होती. घोडे दौडताना संथ सूर आणि शोकप्रसंगात नाचाची चाल. चाळीस मिनिटांत मी बंद केली आणि दोन वर्षं या चित्रपटाला नावं ठेवली. तो माझ्याकडून झालेला अन्याय होता. मूकपटाचा अर्धा जीव संगीतात असतो आणि तोच काढून घेतला तर उरतात ती फक्त हलणारी तोंडं.

दुसरा प्रसंग कॅथरीनच्या डावाचा. ती साम्राज्ञी आहे, हरायची सवय नाही. ती पटावर लबाडी करते. आत बोलेस्लास बसलेला आहे आणि त्याला ती दिसत नाही, तिची फक्त चाल कळते. त्याने काय करावं? शहाणपण म्हणेल, गप्प रहा, डाव सोड, जीव वाचव. तुर्काचा हात उचलला जातो आणि एका झटक्यात पटावरचे सगळे मोहरे खाली पडतात. आपल्या देशावर जे झालं त्याचं उत्तर हा माणूस लाकडी हाताने देतो. बोलायची सोय नाही, चेहरा दाखवायची सोय नाही, एवढा एक हात आहे. पुढे कॅथरीन हुकूम सोडते की या बाहुल्याला बंदुकीच्या गोळ्या घालून देहदंड द्या. आत माणूस आहे. पुढचं तुम्हीच बघा.

बुद्धिबळ खेळणाऱ्यांसाठी यात एक धागा आहे. मोहरे फेकण्याची ही घटना खऱ्या तुर्काच्या चरित्रात नेपोलियनच्या नावावर सांगितली जाते. १८०९ मध्ये व्हिएन्नाजवळच्या शॉनब्रुन राजवाड्यात नेपोलियनने मुद्दाम चुकीची चाल केली. तुर्काने मोहरा परत जागेवर ठेवला. पुन्हा केली, तेव्हा तुर्काने तो मोहराच पटावरून काढून घेतला. तिसऱ्यांदा केल्यावर सगळा पट झाडून टाकला. आत बसला होता योहान आल्गायर, त्या काळच्या व्हिएन्नातला नामांकित खेळाडू. नेपोलियन खूश झाला असं सांगतात. चित्रपटातल्या कॅथरीनला हे पचत नाही, आणि त्यातूनच कथा आपल्या सर्वांत भयंकर वळणावर जाते.

तिसरा प्रसंग लहान आहे, पण रात्री झोपताना आठवतो. रशियन मेजर निकोलाएफ केम्पेलेनच्या रिकाम्या घरात शिरतो, गुपित शोधायला. घरात माणूस नाही. बाहुले आहेत, रांगेने उभे. ते हलू लागतात, त्यांच्या हातात तलवारी आहेत, आणि ते त्याच्याकडे चालत येतात. त्यांच्याशी बोलून उपयोग नाही, दयेची भीक मागून उपयोग नाही. सात-आठ वर्षांच्या मुलांना दाखवणार असाल तर हा प्रसंग आधी स्वतः बघून ठरवा.

नटांमध्ये केम्पेलेन झालेले शार्ल द्युलॅं. हे मुळात रंगभूमीचे माणूस, पॅरिसच्या माँमार्त्रमधल्या आतेलिए नाट्यगृहाचे चालक आणि नटांचे गुरू. पुढे जगाला मूकाभिनय शिकवणारा मार्सेल मार्सो यांच्याच हाताखाली शिकला. द्युलॅं यांच्या केम्पेलेनमध्ये बाहुल्यांबरोबर राहून बाहुल्यासारखा झालेला एक म्हातारा दिसतो. हालचाल थोडी, डोळे मात्र सतत जागे. कॅथरीनच्या भूमिकेत त्यांच्या पत्नी मार्सेल आहेत. सर्ज झालेला पिएर बाचेफ तरुण वयातच गेला. त्याचा उदास चेहरा इथे नीट वापरला आहे. आणि जाँ पेरिए यांनी उभारलेला हिवाळी राजवाडा बघताना मी दोनदा चित्रपट थांबवून नुसत्या भिंती बघितल्या.

बोलपटाची बाजू

आता न्यायाने बोलायचं तर द्रेव्हिल यांच्या बोलपटाची एक गोष्ट कुणीही नाकारू शकत नाही: कॉन्राड फाइट. १९२० च्या जर्मन मूकपटात झोपेत चालणाऱ्या, दुसऱ्याच्या इच्छेने हलणाऱ्या सेझारेची भूमिका केलेला हा नट. तेव्हा तो स्वतः कुणाच्यातरी हातातलं बाहुलं होता. १९३३ मध्ये, नाझी सत्तेवर आले तेव्हा, त्याने जर्मनी सोडली. त्याची पत्नी ज्यू होती. आणि १९३८ मध्ये तो फ्रेंच बोलपटात बाहुल्यांचा कर्ता होऊन उभा राहतो. हे माहीत असलं की त्याचं प्रत्येक वाक्य जास्त खोल जातं. त्याचा केम्पेलेन द्युलॅं यांच्यापेक्षा उंच, देखणा आणि थंड आहे. मला द्युलॅं यांचा जास्त जवळचा वाटतो, पण फाइटला बघताना नजर हलत नाही, हे खरं.

दुसरी फ्रांस्वाझ रोझे, कॅथरीनच्या भूमिकेत. तिला बोलता येतं, आणि ती बोलते तेव्हा दरबार गप्प होतो. सत्ता आवाजात कशी असते हे बघायचं असेल तर ही कॅथरीन बघा. इथे बोलपट मूकपटाच्या पुढे जातो, असं मी मान्य करते. अमेरिकेत हा चित्रपट 'द डेव्हिल इज अ‍ॅन एम्प्रेस' म्हणजे 'साम्राज्ञीच सैतान' अशा नावाने लावला गेला. शोधताना ते नावही टाकून बघा, कारण कधी कधी त्याच नावाने सापडतो.

लांबीही कमी, सुमारे दीड तास. ज्याला मूकपटाची अजिबात सवय नाही, ज्याला वाचायच्या पाट्या आल्या की कंटाळा येतो, आणि ज्याला गोष्ट सरळ कळायला हवी आहे, त्याने याने सुरुवात केली तर काही बिघडत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: बोलपट फ्रेंच आहे, तेव्हा वाचणं तुम्हाला तिथेही चुकत नाही. उलट मूकपटात पाट्या थांबून येतात, चित्र बघायला डोळे मोकळे राहतात. बोलपटात खालची ओळ वाचताना फाइटचा चेहरा सुटतो. हा मुद्दा मला दोन्ही बघेपर्यंत सुचलाच नव्हता.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. बोलपटात माणसं एकमेकांना भीती समजावून सांगतात. मूकपटात ती भीती पेटीत बसलेली असते आणि बाहेर कुणी तिचं नाव काढत नाही. ज्या गोष्टीचा नायक बराच काळ एका लाकडी बाहुल्याच्या आत दडलेला आहे, तिथे शब्द वाढले की पेटी हलकी होते.

आपल्याकडेही एकाच कथेचे असे मूक आणि बोलके जोड आहेत. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी मूकपटात आणलेला हरिश्चंद्र १९३२ मध्ये प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'मध्ये मराठीत बोलू लागला. तिथे बोलण्याने मिळालेलं मोठं होतं, कारण हरिश्चंद्राची गोष्टच दिलेल्या शब्दाची आहे. आणि बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात केलेले बहुतेक मूकपट आज आपल्याला बघायलाच मिळत नाहीत. म्हणून फ्रान्समधला हा मूकपट कुणीतरी खपून, जुळवून, मूळ संगीतासकट परत उभा केला, याचं मोल मला फार वाटतं.

इतिहासासाठी बघणार असाल तर

दोन्हींपैकी एकही धडा म्हणून दाखवू नका. इतिहासाच्या कसोटीवर दोघंही नापास आहेत, आणि जवळजवळ सारख्याच गुणांनी.

केम्पेलेन पोलिश नव्हता, विल्नोत राहत नव्हता. तुर्क कुणाला वाचवण्यासाठी बनला नव्हता, एका राणीला थक्क करण्यासाठी बनला होता. चित्रपट १७७६ मध्ये घडतो, पण खरा तुर्क त्याच्या सहा वर्षं आधीच दरबारात खेळून झाला होता. पोलंडची पहिली फाळणी १७७२ मध्ये झाली हे खरं, पण विल्नो रशियाच्या ताब्यात गेलं ते १७९५ च्या तिसऱ्या फाळणीत. तिथला मोठा उठाव १७९४ चा.

मग पोलिश सरदाराची कथा आली कुठून? फ्रान्सचे प्रख्यात जादूगार रोबेर-उदँ यांच्या आठवणींच्या पुस्तकातून. त्यात व्होरोउस्की नावाचा पोलिश अधिकारी, १७७६ चा रिगामधला उठाव, गमावलेले दोन्ही पाय, आणि तुर्काच्या पोटात बसून कॅथरीनशी खेळलेला डाव, असं सगळं आहे. जादूगाराची गोष्ट म्हणून बहारदार, पुरावा म्हणून टिकत नाही. तुर्काच्या आत बसणारे खेळाडू धडधाकट होते. आल्गायर, लंडनचा विल्यम लुइस, फ्रान्सचा मुरे, शेवटी अमेरिकेत श्लुंबेर्जे. रशियन राजघराण्याशी तुर्काचा खरा संबंध सांगायचा तर कॅथरीनचा मुलगा पॉल १७८१ मध्ये व्हिएन्नाला आला तेव्हाचा. त्याला दाखवायला म्हणून सम्राट दुसऱ्या जोसेफने केम्पेलेनला मोडून ठेवलेला तुर्क पुन्हा जोडायला लावला.

तरीही या खोट्या इतिहासात त्या काळाचं एक सत्य आहे. १९२७ मध्ये पोलंडला स्वतंत्र होऊन नऊच वर्षं झाली होती, फ्रान्सशी त्याची मैत्री होती, आणि विल्नो पोलंडमध्ये होतं. पॅरिसच्या प्रेक्षकाला पोलिश घोडदळ दौडताना बघून जे वाटलं असेल ते ताजं होतं. १९३८ चा प्रेक्षक तीच गोष्ट हिटलरच्या सावलीत बघत होता. पुढच्या वर्षी पोलंड पुन्हा दोन बाजूंनी तुडवला गेला. दोन्ही चित्रपट लागोपाठ बघाल तर तारखा मनात ठेवून बघा.

ज्याला फक्त यंत्रात रस आहे, त्याने खरं तर दोन्ही सोडून तुर्काचं चरित्र वाचावं. बेंजामिन फ्रँकलिन त्याच्याशी पॅरिसमध्ये खेळला. गणकयंत्राची कल्पना मांडणारे चार्ल्स बॅबेज त्याच्याकडून लंडनमध्ये हरले. एडगर अ‍ॅलन पोने १८३६ मध्ये त्याच्यावर लेख लिहून आत माणूसच आहे असं ठामपणे मांडलं. ५ जुलै १८५४ ला फिलाडेल्फियातल्या आगीत तुर्क जळाला. जर्मनीत पाडरबोर्नच्या संगणक संग्रहालयात त्याची चालती प्रतिकृती आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी मुलांना घेऊन एकदा जावं.

दाखवायचाच असेल तर

मैत्रिणीच्या मंडळाला मी मूकपटच सुचवला. तिने उठाव चिरडला जातो तिथे मध्यंतर घेतलं, आणि ते बरोबर होतं. त्याआधी घेतलं तर लोक लढाई अर्धी सोडून चहाला जातात, त्यानंतर तुर्क आला की कुणी उठायला तयार होत नाही. आवाज चांगल्या स्पीकरवर हवा. लॅपटॉपच्या आवाजावर राबो यांचा वाद्यवृंद नुसता किणकिणतो.

माझ्या वर्गात मी वेगळी सोय केली. पाट्या इंग्रजी आणि लहान मुलांना त्या वेगाने वाचता येत नाहीत. म्हणून त्या आधी मराठीत लिहून काढल्या आणि एका मुलाच्या आजोबांनी त्या वाचल्या. ते कीर्तनाला नियमित जाणारे, आवाज खणखणीत. पहिल्या दोन-तीन पाट्यांनंतर त्यांनी आपणहून आवाज खाली आणला. कॅथरीनच्या डावाला तर ते वाचायचेच थांबले, आणि कुणाला कमी पडलं नाही. निकोलाएफचा प्रसंग मी लहानांसाठी पुढे ढकलला. मोठ्यांनी तो नंतर दोनदा मागून बघितला.

त्या दुपारी घरी जायच्या आधी मुलांनी पट मांडले. एक अकरा वर्षांचा मुलगा, एरवी प्रत्येक शहाला सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडणारा, उजवा हात मांडीखाली दाबून डाव्या हाताने खेळत होता. बाराव्या-तेराव्या चालीला त्याने उंट आणून शह दिला. तोंडातून शब्द काढला नाही. समोरच्या मुलीकडे न बघता सावकाश मान हलवली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिने राजा बाजूच्या घरात सरकवला, आणि तीही काही बोलली नाही.